जेवणातली हळद आणि कॅप्सूलमधली हळद

सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात थोडी चरबी साचली आहे, अशी ओळ वाचून घरी आलेल्या माणसाला पुढच्या आठवडाभरात जितके उपाय सुचवले जातात, तितके बहुधा दुसऱ्या कोणत्याही निदानानंतर सुचवले जात नसतील. सकाळी अनशापोटी कोरफडीचा गर, भुईआवळ्याचा रस, गुळवेलीचा काढा, बीट-गाजराचा ‘डिटॉक्स’ रस, रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी, हळदीच्या कॅप्सूल, आणि औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारे लिव्हर टॉनिक. सुचवणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा निर्मळ असतो. यातले काही उपाय निरुपद्रवी आहेत, काहींत खरोखर औषधी गुण असण्याची शक्यता आहे आणि काही यकृतालाच इजा करू शकतात. पण यातले कोणते कोणत्या गटात मोडतात हे ठरवण्याचे काम आपण सगळ्यांनी मिळून एकट्या रुग्णावर सोपवले आहे. ते काम त्याचे नाही. ते उत्पादकाचे, वैद्यकाचे आणि शासनाचे आहे, आणि ते नीट व्हायचे असेल तर अन्न आणि औषध यांच्यातली पुसट झालेली सीमारेषा पुन्हा ठळकपणे आखावी लागेल, असे माझे मत आहे. जे ताटात वाढले जाते ते अन्न. त्याच वनस्पतीचा घट्ट केलेला अर्क जेव्हा एखाद्या आजारासाठी ठरावीक मात्रेत रोज घेतला जातो, तेव्हा ते औषध झाले, आणि औषधाला जे प्रश्न विचारायचे ते सगळे त्यालाही विचारले गेले पाहिजेत.

हळदीचे उदाहरण घेतले की हा फरक आकड्यांत दिसतो. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन हा घटक साधारण तीन टक्के असतो. म्हणजे भाजी-आमटीतून दिवसाला एक-दोन ग्रॅम हळद पोटात गेली, तर कर्क्युमिन जाते तीस ते साठ मिलिग्रॅम, आणि त्यातलेही फार थोडे रक्तात उतरते. बाजारात मिळणाऱ्या पाचशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूलवर ‘९५ टक्के कर्क्युमिन’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्या एका कॅप्सूलमध्ये जवळजवळ सोळा ग्रॅम हळदीतले कर्क्युमिन असते. त्यात काळ्या मिरीतले पिपरिन मिसळलेले असले, तर शरीरात शिरणारे प्रमाण आणखी वाढते, आणि ते वाढावे म्हणूनच पिपरिन मिसळलेले असते. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या अशा पूरक उत्पादनांनंतर तीव्र यकृतदाह झालेल्या रुग्णांची मालिका आढळली, आणि २०२२ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने या उत्पादनांवर इशारा छापणे बंधनकारक केले. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या वैद्यकीय जाळ्याने हळदीशी निगडित दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली. अशी खूण असलेल्या माणसाला ती आहे हे आधी कळण्याचा व्यवहारातला मार्ग नाही. या साऱ्यावरून हळद वाईट ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव फोडणीतल्या चिमूटभर हळदीचा आहे, आणि तो अनुभव त्या कॅप्सूलला आपोआप लागू होत नाही, इतकेच ठरते.

‘यकृत स्वच्छ करणे’ या कल्पनेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. शरीरात आलेली औषधे, मद्य, हार्मोन, जुन्या रक्तपेशींतून निघालेले बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य यांची विल्हेवाट यकृतच लावते; त्याच्यात साचलेला गाळ धुऊन काढणारा रस अस्तित्वात नाही, कारण तसा गाळच नसतो. यकृतात साचते ती चरबी, आणि ती रसाने धुतली जात नाही.

काविळीचा विषय मात्र थांबून पाहण्यासारखा आहे, कारण आपल्या समाजातली यकृताविषयीची बहुतेक श्रद्धा तिथे तयार झाली आहे. महाराष्ट्रात असा तालुका क्वचितच असेल जिथे कावीळ उतरवणारे कोणी नाही. कोणी गळ्यात काड्यांची माळ घालतो आणि कावीळ उतरत जाईल तशी माळ लांबत जाईल असे सांगतो. काड्या सुकून आक्रसल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबतेच. कोणी हाताला आधी झाडपाल्याचा रस चोळून चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतो, आणि पाणी पिवळे झाले की कावीळ निघाली म्हणतो. रस आणि चुना यांच्या संयोगाने ते पाणी निरोगी माणसाच्या हातानेही पिवळे होते. कोणी नाकात देवडांगरीचा रस सोडतो, ज्याने नाकाची आतली त्वचा भाजल्यासारखी होऊन पिवळसर पाणी दिवसभर गळत राहते. लोक मूर्ख आहेत म्हणून हे चालत नाही. आपल्याकडे पावसाळ्याच्या आगेमागे येणारी कावीळ बहुतांशी हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते, आणि ती बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. त्या आठवड्यांत जो कोणी उपाय करतो, यश त्याच्या पदरात पडते.

उरलेल्या थोड्यांचे काय, हा खरा प्रश्न आहे. हिपॅटायटिस ई गर्भवतीला शेवटच्या तिमाहीत झाला, तर मृत्यूचे प्रमाण वीस ते पंचवीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय पिवळे डोळे हे लक्षण आहे, रोग नव्हे. पित्तनलिकेत अडकलेला खडा, लेप्टोस्पायरोसिस, क्षयाच्या गोळ्यांची बाधा, स्वादुपिंडाचा कर्करोग या सगळ्यांत डोळे पिवळे होतात, आणि या प्रत्येकात पहिले काही दिवस मोलाचे असतात. काविळीच्या रुग्णाला गुंगी येऊ लागली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर यकृत निकामी होत असल्याची ती चिन्हे आहेत आणि त्याला तासांच्या हिशेबाने मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. माळ घातलेल्या घरात हे तास अनेकदा ‘अजून दोन दिवस बघू’ म्हणण्यात जातात.

याच काविळीत उसाचा रस प्यावा हा सल्ला तर सार्वत्रिक आहे. साखर असल्याने मळमळणाऱ्या रुग्णाच्या पोटात काही ऊर्जा जाते, इतका त्याचा उपयोग मान्य करता येईल. पण हिपॅटायटिस ए आणि ई हे दोन्ही विषाणू मैलामिश्रित पाण्यातून पसरतात, आणि रस्त्याकडेच्या रसवंतीत ज्या पाण्याने ऊस धुतला जातो आणि ज्या पाण्याचा बर्फ घातला जातो, त्याची खात्री कोणी देत नाही. १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती; जतन केलेल्या रक्तनमुन्यांवरून ती साथ हिपॅटायटिस ईची असल्याचे पुढे निष्पन्न झाले. २०१२ मध्ये इचलकरंजीत याच विषाणूच्या साथीने माणसे दगावली. तेथे लोकांना यकृताचे जे ‘औषध’ हवे होते ते झाडपाल्यात नव्हते. गळक्या जलवाहिन्या, शुद्धीकरण आणि पंचगंगेत सोडले जाणारे सांडपाणी यांचा बंदोबस्त हेच ते औषध होते. यकृताच्या आरोग्यासाठी घरोघरी जितका खर्च चूर्णांवर आणि टॉनिकांवर होतो, त्याच्या चिमूटभर तरी आग्रह आपण नगरपालिकेकडे क्लोरिनच्या चाचणीचे आकडे मागण्यासाठी धरायला हवा.

वनौषधींत काहीच नाही असे माझे म्हणणे नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. भुईआवळ्याची हकीकत या बाबतीत फार बोलकी आहे. हिपॅटायटिस बी विषाणूच्या शोधासाठी १९७६ चे नोबेल मिळालेले बरूच ब्लमबर्ग यांनी या भारतीय वनस्पतीत मनापासून रस घेतला होता. मद्रासच्या संशोधकांबरोबर त्यांनी केलेला अभ्यास १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला: हिपॅटायटिस बीच्या वाहकांना महिनाभर भुईआवळ्याचे चूर्ण दिले, तेव्हा ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची पृष्ठभागावरील खूण नाहीशी झाली, तर तुलनेसाठी औषधी गुण नसलेले नकली औषध दिलेल्या २३ जणांत ती एकाच्याच बाबतीत गेली. जगभर खळबळ उडाली. त्यानंतर वेगवेगळ्या देशांत तेच प्रयोग पुन्हा झाले आणि तसा परिणाम दिसला नाही. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यानेही भुईआवळा नकली औषधापेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळत नाही असेच म्हटले. वनस्पतीची जात वेगळी होती का, ती कोणत्या मातीतली, कोणत्या हंगामातली होती, पहिला निकाल योगायोगाचा होता का, हे प्रश्न रास्त आहेत. पण आपल्याकडे आजही पाकिटांवर आणि भाषणांत १९८८ चा पहिला निकाल तेवढा सांगितला जातो. ज्याला हिपॅटायटिस बी आहे आणि जो भुईआवळ्यावर विसंबून विषाणूचे प्रमाण मोजायला पाच वर्षे जात नाही, त्याचे यकृत त्या पाच वर्षांत सिऱ्होसिसकडे, म्हणजे व्रण पडून कायमचे कठीण होण्याकडे, सरकलेले असू शकते.

कुटकीचे उलट आहे. हिमालयात उगवणारी ही कडू मुळी आरोग्यवर्धिनीसारख्या प्रसिद्ध आयुर्वेदिक कल्पाचा (मिश्र औषधाचा) मुख्य घटक. मुंबईतल्या संशोधकांनी तीव्र विषाणूजन्य काविळीच्या ३३ रुग्णांवर तिची नकली औषधाशी तुलना करणारी चाचणी केली आणि १९९६ मध्ये ती प्रसिद्ध केली. कुटकी घेतलेल्यांचे बिलिरुबिन लक्षणीयरीत्या लवकर उतरले. ३३ हा आकडा लहान आहे, पण प्रयोगाची रीत योग्य होती, आणि निकाल असा होता की त्यानंतर शेकडो रुग्णांवरच्या बहुकेंद्री चाचण्या व्हायला हव्या होत्या. कुटकी घातलेली उत्पादने त्यानंतर भरमसाट वाढली. त्या चाचणीच्या तोडीचे मोठे काम मात्र त्या प्रमाणात झाले नाही. आयुर्वेदावर प्रेम असणाऱ्या प्रत्येकाला याचे दुःख व्हायला हवे असे मला वाटते. आणि आरोग्यवर्धिनीत कुटकीबरोबर ताम्रभस्म, लोहभस्म, पारा आणि गंधक हेही असतात, म्हणून ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य तिच्या बाबतीत शब्दशः देखील खरे नाही.

अपाय होऊ शकतो हे करोनाच्या साथीत गुळवेलीने दाखवून दिले. २०२० मध्ये प्रतिकारशक्तीच्या नावाने गुळवेलीचे काढे घरोघर सुरू झाले. आयुष मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या उपचारसूचीत गुडुची घनवटी (गुळवेलीच्या घट्ट अर्काची गोळी) होती, पण मुदत पंधरा दिवस किंवा महिनाभर अशी दिलेली होती. लोकांनी ती महिनोन्‌महिने घेतली, अनेकांनी कुंपणावरची वेल तोडून उकळली. त्याच वर्षाअखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा असे रुग्ण आले ज्यांच्या यकृताला सूज होती आणि बाकी कारणे तपासून वगळल्यावर गुळवेलच उरत होती. काहींना आधीपासून थायरॉइड किंवा मधुमेहासारखे आजार होते. पुढे देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. प्रतिकारशक्ती चाळवणारी वनस्पती ज्यांच्या शरीरात स्वतःच्याच यकृतावर हल्ला करण्याची सुप्त प्रवृत्ती आहे त्यांच्यात ती जागी करत असावी, असा या डॉक्टरांचा कयास आहे.

मंत्रालयाची पहिली प्रतिक्रिया हे सगळे दिशाभूल करणारे आहे अशी होती. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे सिद्ध केलेले नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असू शकते, असा मंत्रालयाचा आक्षेप होता. हा आक्षेप निराधार नव्हता. गुळवेलीच्या जवळची एक जात दिसायला खरोखर तशीच आहे. पण या आक्षेपातून निघणारे पुढचे पाऊल काय असायला हवे होते? बाजारातल्या आणि दारोदारच्या वेलींचे नमुने गोळा करून ओळख पटवणे, रुग्णांकडच्या बाटल्या तपासणे आणि स्वयंप्रतिकार आजार असलेल्यांनी तूर्त थांबावे असे ठळकपणे सांगणे. दिसायला सारख्या दोन वेलींपैकी एक अपायकारक असेल, तर लोकांना सावध करण्याचे कारण त्याने वाढते, कमी होत नाही. त्याऐवजी चर्चा परंपरेच्या मानापमानाकडे वळली, आणि ज्या रुग्णांचे यकृत सुजले होते ते त्या वादात बाजूला पडले.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि त्यात तथ्य आहे: अॅलोपॅथीची औषधे यकृताला कमी त्रास देतात काय? देतात, आणि पुष्कळ देतात. भारतात औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांत क्षयाची औषधे आघाडीवर आहेत, आणि पॅरासिटामॉलचा अतिरेक जीवघेणा ठरतो. पण क्षयावरच्या आयसोनियाझिड या औषधाने यकृताला इजा होते हे आपल्याला माहीत आहे ते नोंदींमुळे. म्हणून क्षयरुग्णाला मळमळ किंवा पिवळेपणा आला तर गोळ्या थांबवून तपासणी करायची हे ठरलेले आहे, आणि ते पाकिटातल्या पत्रकावर छापलेले आहे. तोच क्षयरुग्ण सोबत घेत असलेला काढा डॉक्टरांपासून लपवतो, कारण विचारले की ओरडा खावा लागतो. यात डॉक्टरांचाही दोष आहे. ‘आणखी काही घेता का’ हा प्रश्न तुच्छतेने विचारला, की खरे उत्तर मिळत नाही.

परंपरेला आदराने पण सरळ प्रश्न विचारला तर काय घडते, याचे उत्तम उदाहरण पुण्यात घडले आहे आणि ते शाळेच्या पुस्तकात असायला हवे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे सहा महिने ते तीन-चार वर्षांच्या मुलांना यकृताचा एक विचित्र आजार होत असे. पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण होई आणि बहुतेक मुले दगावत. हा आजार भारतातच दिसतो म्हणून त्याचे नावच ‘भारतीय बाल-सिऱ्होसिस’ पडले. एकाच घरातली दोन-तीन भावंडे जात, म्हणून कोणी रक्ताला दोष देई, कोणी दैवाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड असल्याच्या धाग्यावरून घराघरांतल्या स्वयंपाकाची चौकशी केली. उत्तर दुधाच्या भांड्यात होते. बाळाला वरचे दूध लवकर सुरू होई, ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून तासन्‌तास ठेवले जाई, आणि त्या भांड्याची कल्हई उडालेली असे किंवा ती केलेलीच नसे. दुधातली प्रथिने तांबे धरून ठेवतात, आणि ते तान्ह्या यकृतात साठत जाई. १९८३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातही १९०० ते १९७४ या काळात असाच आजार होऊन १३८ मुले दगावल्याचे नंतर उजेडात आले. तिथेही दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात तापवले जात असे. आनुवंशिक प्रवृत्तीचा वाटाही त्यात असावा. पण स्टीलची भांडी आली, आयांना सांगितले गेले, आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

पितळेची भांडी शुद्ध आणि नैसर्गिक मानली जात होती, आणि कल्हई असेपर्यंत ती सुरक्षितही होती. जुन्या घरांत दर काही महिन्यांनी कल्हईवाला बोलावला जाई, आंबट पदार्थ आणि ताक तांब्या-पितळेत ठेवू नये असा दंडक होता. म्हणजे ज्ञान परंपरेतच होते, आणि ते सुटल्यावर नुसते भांडे उरले. आज तांब्याच्या बाटल्या ‘लिव्हरसाठी उत्तम’ म्हणून विकल्या जातात. रात्रभर ठेवलेल्या साध्या पाण्यात उतरणारे तांबे सहसा मर्यादेत असते, पण त्याच बाटलीत लिंबूपाणी भरून मुलांच्या दप्तरात देणाऱ्यांना हा इतिहास कोणी सांगितलेला नाही. धान्याचेही तसेच. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील आदिवासी भागात अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी लागलेला मका खाऊन जवळजवळ चारशे लोकांना यकृतदाह झाला आणि शंभराहून अधिक दगावले. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे पूर्णपणे नैसर्गिक विष आहे. आपल्या रोजच्या कुटासाठीचे शेंगदाणे काळे पडलेले, सुरकुतलेले किंवा कडसर लागणारे असतील तर ते निवडून टाकणे आणि दाणे कोरडे साठवणे, हा यकृतासाठी स्वयंपाकघरात करता येणारा एक खरा उपाय आहे, जरी त्याची जाहिरात कोणी करत नसले तरी.

आता फॅटी लिव्हर. शासनाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत भारतातले त्याचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांनुसार ९ ते ३२ टक्के दिले आहे, आणि त्याच वर्षी असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश झाला. याच्या उपायाविषयी जगात फारसे दुमत नाही: वजन पाच टक्क्यांनी उतरले की यकृतातली चरबी कमी होऊ लागते, सात ते दहा टक्क्यांनी उतरले की सूजही ओसरू लागते. ऐंशी किलोच्या माणसासाठी ही सहा-आठ किलोंची गोष्ट आहे, आणि आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या पण पोट सुटलेल्या माणसांतही हा आजार आढळत असल्याने कमरेचा घेर काट्याइतकाच महत्त्वाचा. दिवसाला चार-पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, इतक्यानेच चाळीस-पन्नास ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेला ती पंचवीस ग्रॅमच्या आत असलेली बरी वाटते. म्हणून ‘लिव्हरसाठी’ म्हणून सकाळी फळांचा गाळलेला रस सुरू करणे हे उलट दिशेने चालणे आहे: चोथा गेला, साखर तेवढी राहिली. त्यापेक्षा फळ चावून खावे, चहातली साखर निम्मी करावी, फरसाण आणि बिस्किटे घरात आणणे थांबवावे, ताटात भाताचा ढीग लहान करून उसळ आणि पालेभाजी वाढवावी, उपासाच्या दिवशी साबुदाणा-बटाट्याऐवजी भगर किंवा राजगिरा आणि ताक घ्यावे, आणि आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे दम लागेल असे चालावे. कॉफी पिणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी आहे: कॉफीचा आणि यकृताच्या कर्करोगाच्या कमी धोक्याचा संबंध अनेक अभ्यासांत सातत्याने दिसला असून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये त्याची दखल घेतली. अर्थात साखरेच्या पाकातली कॉफी त्यात धरू नये.

मद्य पिणाऱ्यांना मात्र आहारातली कोणतीही तडजोड वाचवत नाही, आणि ‘रात्री बसलो की सकाळी टॉनिक घेतो’ ही समजूत मला सगळ्यांत घातक वाटते, कारण ती बाटली चालू ठेवायला परवानगी देते.

पथ्याच्या नावाखाली होणारी उपासमार हा याच विषयाचा कमी बोलला जाणारा भाग आहे. काविळीच्या रुग्णाला हळद नको, तेल नको, डाळ नको, मीठ नको असे करत आठवडेच्या आठवडे पेजेवर आणि उकडलेल्या भाज्यांवर ठेवले जाते. हळदीचा पिवळा रंग आणि डोळ्यांचा पिवळेपणा यांचा काही संबंध नाही. सिऱ्होसिसच्या रुग्णात तर प्रथिने तोडणे थेट अपायकारक असते, कारण यकृत साठवण करू शकत नसल्याने शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते. आजची शिफारस वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने रोज द्यावीत आणि रात्री झोपण्यापूर्वी काही तरी खायला द्यावे अशी आहे, म्हणजे रात्रभराचा उपवास घडत नाही. पोटात पाणी झालेल्या रुग्णाचे मीठ कमी करावे लागते, ते डॉक्टरांनी सांगितल्यावर. वरण, दही, पनीर, अंडे, मूग हे त्याच्यासाठी कोणत्याही काढ्याआधीचे ‘नैसर्गिक’ औषध आहे, आणि घरातली माणसे प्रेमापोटी नेमके तेच ताटातून काढून टाकतात.

या सगळ्यात शासनाने काय करावे? सध्याच्या नियमांनुसार प्राचीन ग्रंथांत असलेल्या कल्पाला परवाना देताना सुरक्षिततेची नवी चाचणी मागितली जात नाही. ग्रंथात सांगितलेली कृती, अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचे ते) आणि मुदत पाळून वैद्याने समोर बसलेल्या रुग्णाला दिलेल्या औषधाबाबत ही सवलत एक वेळ समजू शकते. दुकानात कोणालाही, कितीही दिवस, कोणत्याही दुसऱ्या औषधाबरोबर मिळणाऱ्या अर्काबाबत ती समजण्यासारखी नाही. आयुष औषधांच्या जाहिरातींना आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी लागेल असा औषध नियमावलीतला १७० वा नियम २०१८ मध्ये आला. २०२४ मध्ये मंत्रालयाने तो वगळला, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि २०२५ मध्ये न्यायालयाने ते प्रकरण बंद केले, तेव्हा ती स्थगितीही उठली. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे, पण तो दावा छापून झाल्यावर धावतो. जाहिरातीआधीची तपासणी परत यावी, निदान यकृत, मूत्रपिंड आणि कर्करोग यांच्यासंबंधीच्या दाव्यांसाठी तरी.

उलट जिथे उपाय सिद्ध आहे तिथे तो पोहोचवण्यात आपण कमी पडतो. हिपॅटायटिस बीची लस बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत मोफत मिळते. हिपॅटायटिस सी बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरात पंचाण्णव जणांचा बरा होतो, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि उपचार दोन्ही विनामूल्य आहेत. किती जणांना हे ठाऊक आहे? एका वनस्पतीचे नाव घराघरात पोहोचवायला जर काही आठवडे पुरतात, तर या दोन गोष्टी पोहोचवणे आरोग्य खात्याला अवघड नसावे.

प्रत्येक वनौषधी उत्पादनावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, अर्काचे प्रमाण, किती दिवसांपलीकडे घेऊ नये ही मुदत आणि कोणी घेऊ नये ही सूचना मराठीतही छापलेली असावी. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्याची यंत्रणा २०१८ पासून कागदावर आहे आणि तिचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. तिच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता जिल्हा रुग्णालयातून आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून जावा, आशाताईंच्या नोंदवहीत ‘इतर काढा/चूर्ण’ असा एक रकाना असावा, आणि काविळीने दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरातली बाटली किंवा वेलीचा तुकडा तपासणीसाठी पाठवायची सोय त्याच जिल्ह्यात असावी. गुळवेलीच्या वादात मंत्रालयाने जो पुरावा मागितला होता, तो पुढच्या वेळी वाद सुरू होण्याआधीच हाताशी असेल तो अशाच सोयीमुळे.